मामांची अहमदीतली उपासना

देवाला कुणाच्या प्रार्थनेची धास्ती वाटत असेल, तर ती आमच्या मामांच्या. मामा म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे मामा. मूळचे नाशिकच्या शरणपुरातले, आणि मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत गेज आणि मीटर दुरुस्त करणारे. पन्नास सालानंतर जी मूठभर मराठी ख्रिस्ती माणसं तेलाच्या नोकरीसाठी कुवेतला आली, त्यांत काळजी करण्याच्या बाबतीत मामांच्या आसपास फिरकेल असा कुणी नव्हता. बाकीचे लोक संकट आलं की प्रार्थना करतात. मामा संकट यायच्या आधी करत, येऊन गेलं की ते परत फिरू नये म्हणून करत, आणि बरेच दिवस काहीच आलं नाही, तर काहीतरी मोठं शिजतंय या भीतीनं गुडघे टेकत. अशा माणसाशेजारी राहिलं की काळजीची लागण होतेच. लग्न होऊन अहमदीला आले तेव्हा मी अगदी बिनधास्त मुलगी होते. वर्षभरात गॅस बंद केला की नाही हे बघायला मी दोनदोनदा स्वयंपाकघरात जाऊ लागले.

मामा प्रार्थना डोळे उघडे ठेवून करत. "सूनबाई, प्लँटवर डोळे मिटणाऱ्याचा भरवसा नाही," असं ते मला समजावत. आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून रिफायनरीच्या उंच नळीवर जळणाऱ्या गॅसची ज्योत दिसे. मामा जेवायला आले की मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसत. एकदा त्यांनी जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली आणि ज्योत जरा मोठी झाली. मामा थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ती आणखी फोफावली. मग त्यांनी सगळ्या शिफ्टमधल्या माणसांची, त्यांच्या बायकापोरांची, अग्निशामक दलाची आणि बंदरात उभ्या असलेल्या जहाजांची नावं घेतली. आमेन झालं तेव्हा माझ्या मटणाच्या रश्श्यावर तेलाचा पापुद्रा धरला होता.

कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची उपासनाही शुक्रवारी. आमच्या इंग्रज पाद्रीसाहेबांना त्यात वावगं वाटत नव्हतं, बिशपांना वाटत नव्हतं. मामांना वाटे. "आपण रविवार शुक्रवारी पाळतो हे वर कुणी कळवलंय का?" ते विचारत. उगाच घोळ नको म्हणून ते शुक्रवारी चर्चमध्ये येत आणि रविवारी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये बाकामागे गुडघे टेकत. एका रविवारी फोरमननं त्यांना तसं पाहिलं. त्याला वाटलं, मामांचा स्क्रू पडलाय. त्यानं हाका मारून आणखी चार फिटर बोलावले आणि सगळे जमिनीवर रांगायला लागले. मामांना खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना, म्हणून तेही रांगले. बऱ्याच वेळानं एक स्क्रू सापडलाही. त्याबद्दल मामांनी देवाचे आभार मानले.

पुढे दारूबंदी आली आणि प्रभुभोजनासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची बाटली मिळेनाशी झाली. पाद्रीसाहेब म्हणाले, मनुका उकळून रस काढू. ते काम अर्थातच मामांनी अंगावर घेतलं आणि स्वतःची झोप घालवून बसले. रस आंबला तर पोलीस, नाही आंबला तर देव! दिवसातून तीन वेळा ते माझ्या घरी येऊन बरणीला नाक लावत. किंचित आंबूस वास आला की घाबरून बर्फात ठेवत, आणि बर्फात ठेवला की हा नुसता सरबताचा प्रकार झाला म्हणून कासावीस होत. शेवटी पाद्रीसाहेबांनी स्वतः येऊन एक घोट घेतला आणि "फार छान" म्हणाले. मामांना त्यातही संशय आला. "छान म्हणजे कुठल्या अर्थानं छान?" असं त्यांनी मला परत जाताना हळूच विचारलं.

उपासनेत आजाऱ्यांसाठी आणि संकटात असलेल्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना करायचं काम मामांकडे होतं. तिथे ते अगदी फुलून येत. कुणाची दाढ दुखतेय, कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, अडकलाय, कुणाच्या मुलाची मॅट्रिक आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. इंग्रज मडमांची नावंही ते बिनचूक घेत. पण स्वतःच्या माणसाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मंडळीच्या उपासनेत स्वतःसाठी मागणं म्हणजे कंपनीच्या पेट्रोलवर घरचा बाजार आणणं, असं त्यांचं मत. मामी शरणपुरात एकट्या राहत होत्या. मामा दर पंधरवड्याला त्यांना पत्र टाकत, पण आमच्यासमोर बोलताना त्या नुसत्या 'घरचे लोक' असत.

पाद्रीसाहेब लढाईच्या काळात देवळालीला होते, त्यामुळे मराठी त्यांना समजे आणि मोडकंतोडकं बोलताही येई. मामांनी त्यांच्या मागे लागून महिन्यातून एका शुक्रवारी सकाळी सहाला मराठी उपासना मिळवली होती. मात्र आमच्या प्रार्थनापुस्तकात नियम आहे की पाद्री सोडून निदान तीन माणसं भाकर आणि प्याला घेणारी हवीत, नाहीतर प्रभुभोजन होत नाही. गुरुवारी संध्याकाळपासून मामा त्या तिघांच्या मागे असत. एक ते स्वतः, एक मी. तिसऱ्याचा भरवसा शिफ्टवर.

या सगळ्याला आम्ही हसत होतो. मग एका बुधवारी मामींच्या भावाचं पत्र आलं. मामींच्या पोटात गाठ होती, आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. बोटीनं निघावं तर आठवडा जाणार. मामांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आपले दहा नव्हेत, तिथले दहा. म्हणजे आपले साडेसात." शुक्रवार मराठी उपासनेचाच होता. सहाला सुरू झाली तर सातला संपेल, म्हणजे मामींना टेबलावर घ्यायच्या आत आपलं झालेलं असेल, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे मांडला.

त्या शुक्रवारी पहाटेपासून धूळ उठली होती. आम्हाला चर्चला नेणारा टॅक्सीवाला राजापूरचा हसनभाई. गाडी अक्षरशः चालत नेल्यासारखी नेली त्यानं, आणि वाटेत मामींच्या ऑपरेशनची सगळी हकीकत विचारून घेतली. आमचे हे रात्रपाळीला मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत होते, तिथून बसनं थेट चर्चमध्ये यायचे होते. सहा वाजले, साडेसहा वाजले, बसचा पत्ता नाही. दुसरं मराठी कुटुंब रजेवर, आणि एक जण तापानं अंथरुणात. दारं बंद असूनही बाकांवर धूळ बसत होती आणि मामा ती रुमालानं पुसत होते, पुसलेलं बाक पुन्हा पुसत होते.

सात वाजले तेव्हा पाद्रीसाहेब जवळ आले. "मामा, आपण सुरू करू. दोन आहेत, पण देव समजेल."

"देव समजेल हो साहेब," मामा म्हणाले, "पण मला उद्या समजणार नाही. काही वाईट तार आली, तर मी जन्मभर म्हणत बसेन की दोघांत उरकली म्हणून असं झालं."

दाराशी उभा असलेला हसनभाई टोपी सारखी करत पुढे आला. "मामा, मी बसू काय तिसरा?"

मामांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "बसा हसनभाई, जरूर बसा. पण तुम्हाला त्या तिघांत धरता यायचं नाही."

हसनभाई मागच्या बाकावर बसला. सव्वासातला मामांनीच वाट काढली. प्रभुभोजन होत नसेल तर लितानी तरी म्हणू. लितानी म्हणजे एकानं एकेक मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी 'प्रभू, आमची विनंती ऐक' म्हणायचं. त्याला माणसांची अट नाही. मामा सुरू झाले. आजाऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी गोव्याच्या कुकचा पाय घेतला, पाद्रीणबाईंची डोकेदुखी घेतली, माझ्या अंगावरचं पित्त घेतलं, हसनभाईच्या आईचा मोतीबिंदू घेतला. मग एक श्वास घेतला आणि प्रवाशांसाठीच्या मागण्याकडे वळले.

"ओ मामा!" हसनभाई मागून मोठ्यानं म्हणाला. "मामीचं नाव रायलं की!"

पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "नाव काय त्यांचं?" मला ठाऊकच नव्हतं. आम्ही सगळे मामी म्हणायचो, पत्रावर मामांचं नाव आणि त्यापुढे 'यांच्या घरी' एवढंच. आमच्याकडच्या त्या पिढीत बायको नवऱ्याचं नाव घेत नसे आणि नवराही बायकोचं चारचौघांत घेत नसे. अख्ख्या कुवेतमध्ये ते नाव एकाच माणसाला माहीत होतं.

"बोला की मामा," हसनभाई म्हणाला. "टाइम होतोय."

मामांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले, लग्नात नाव घ्यायला लावलेल्या मुलासारखे. मान खाली घालून ते म्हणाले, "सगुणा." आणि थोडं थांबून, जरा स्पष्ट, "सगुणा. माझी बायको." पुढचं मागणं त्यांना म्हणता आलं नाही. ते पाद्रीसाहेबांनी आपल्या मोडक्या मराठीत पुरं केलं. मला रडू आवरेना. 'विनंती ऐक' आम्ही म्हटलं, आणि मागून हसनभाईचं "आमीन" आलं. आमचे हे आठ वाजता पोचले, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेले, आणि सगळ्यांचे चेहरे बघून दारातच घाबरून उभे राहिले.

तार आली ती दोन दिवसांनी. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. मामांनी ती चारदा वाचली आणि टाके कसे असतील याच्या काळजीला लागले. पण त्यानंतर दर शुक्रवारी आजाऱ्यांत ते नाव यायला लागलं, मामी खडखडीत बऱ्या झाल्या तरीही. पाद्रीसाहेबांनी कधी हटकलं नाही.

काही वर्षांनी मामा निवृत्त होऊन शरणपुरात परतले आणि तिथेच प्रभूकडे गेले. आम्ही रजेवर आलो तेव्हा मी मामींना भेटायला गेले. चहा झाला, बोलता बोलता मी त्यांना त्या शुक्रवारची हकीकत सांगितली. मामी ऐकत राहिल्या. मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "काहीतरीच! लग्न झाल्यापासून 'अगं' शिवाय हाक नाही मारली त्यांनी. एवढ्या लोकांत माझं नाव घेतलं?"

"दर शुक्रवारी घेत, मामी."

त्यांनी कप खाली ठेवला. "कसं गं घेत?"

मी मान खाली घातली आणि मामांसारखं, हळू, म्हणून दाखवलं. मामी माझा हात धरून म्हणाल्या, "आणखी एकदा म्हण."