मालतीवहिनींच्या माहेरची चिंच

मॉडेल रेल्वेचा नाद असलेली माणसं जमली की रूळ कमी आणि किस्सेच जास्त होतात. बंगळुरात व्हाइटफील्डला फाटकांच्या फ्लॅटवर आम्ही दर रविवारी जमायचो. फाटक सरकारी कारखान्यातले रिटायर्ड इंजिनिअर. कृष्णोजीअण्णा चामराजपेटचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. आणि मी, फाटकांची शेजारीण. त्यांच्या बायकोला, मालतीवहिनींना स्ट्रोक झाला आणि पलंग हॉलमध्ये आला. मग त्यांना दिसावा म्हणून रूळ-स्टेशनचा आमचा लेआउटही तिथेच मांडला.

वहिनी आता नाहीत. किस्से तेवढे साठलेत.

*

पहिला डोंगर थर्माकोलचा. फाटकांचं ड्रॉइंग एक, अण्णांनी कापला भलताच.

'अहो, हा डोंगर स्केलमध्ये नाही!'

'सर, स्केल तुमचं. डोंगर देवाचा!'

*

लेआउटवर माती म्हणून पसरायला आम्ही चहाचा चोथा उन्हात वाळवायचो. एकदा तो डबा ओट्यावर राहिला आणि वहिनींना सांभाळणाऱ्या जयम्माने त्याचाच चहा केला. अण्णांनी घोट घेतला. 'स्वल्प पांचट आहे. सरी, चालेल.'

फाटकांना डबा दिसला. ते ओरडले, 'अहो, स्टेशनमागचं शेत प्यालात तुम्ही!'

वहिनी तोंडाच्या एका बाजूने हसल्या. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच! पुढच्या रविवारी फाटकांनी तो डबा मुद्दाम ओट्यावर ठेवला. पण जयम्मा काही पुन्हा फसली नाही.

*

ऑनलाइन मागवलेले प्रवासी निघाले कोट-टोपीवाले. अण्णांनी त्यातल्या एका बाईला नऊवारी रंगवली आणि फलाटावर उभी केली. फाटक वाकून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

'ही उभी कशी राहिली हो, अण्णा?'

'गमनं चिकटवली, सर.'

फाटकांनी तिचं तोंड पलंगाकडे फिरवलं.

*

वहिनी गेल्या, भाड्याचा पलंगही परत गेला. भेटायला आलेले एक नातेवाईक लेआउटकडे बघून म्हणाले, 'आता हे पण काढा. हॉल मोठा दिसेल.'

फाटक म्हणाले, 'मोठा झालाय की.'

*

पण खरा किस्सा चिंचेचा. तो वहिनी असतानाचा.

लेआउटवरचं स्टेशन वहिनींच्या माहेरचं होतं. फाटकांनी ते लग्नाच्या वेळी एकदाच पाहिलेलं. तिथली चिंच नेमकी कुठे होती, हे फक्त वहिनींना ठाऊक. मी तारेला पीळ देऊन खोड केलं, अण्णांनी पानं चिकटवली.

फाटक विचारायचे, 'मालू, इथे?'

'नको.'

'टाकीपाशी?'

'नको.'

'फाटकाजवळ?'

'नको!'

दर रविवारी चिंच लावायची आणि उपटायची. दोन फांद्या तर त्यातच मोडल्या.

एकदा स्पीच थेरपिस्ट जायला निघाली होती. आमची खटपट बघून ती दारातच थांबली आणि मला हळूच म्हणाली, 'आंटींचा एवढा एकच शब्द उरलाय. हो म्हणायचं असलं तरी तोंडातून नकोच येतं. अंकलना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय.'

अण्णांनीही ते ऐकलं. ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, 'सर, ठाऊक होतं? मग आमच्याकडून एवढ्यांदा झाड का उपटवलंत?'

फाटकांनी चिंच उचलली. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन धरली आणि पलंगाकडे वळले.

'मालू, इथे लावू?'

'नको.'

'बरं,' फाटक म्हणाले आणि वीतभर पुढे सरकले. 'मग इथे?'