पिवळी रेघ

"आधी रेघ बघायची, मग टांग टाकायची." सायकल परत देताना तो प्रत्येकाला हे सांगायचा. सांगताना त्याचा अंगठा बोल्टवर असायचा.

काळेवाडीतून जाताना त्याचं पत्र्याचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. दिवसा तो चाकणच्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला फिटर होता. संध्याकाळी इथं सायकली दुरुस्त करायचा. बोल्ट आवळून झाला की त्याच्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची, ही कंपनीतली रीत त्यानं दुकानात आणली होती. बोल्ट फिरला की रेघ तुटते. सैल झालेला बोल्ट लांबूनच कळतो.

"हळद लावताय व्हय सायकलीला, भाऊ?" शेजारचा भजीवाला विचारायचा.

"व्हय. उरली तर तुलाबी लावतो."

माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. बातम्यांसाठी दिवसभर फिरायचं, मागे दोन बॅगा अडकवता याव्यात म्हणून मी कॅरियर आणलं. पिंपळे सौदागरमधल्या मोठ्या दुकानानं "डिस्कवाल्या सायकलला बसत नाही" म्हणून परत पाठवलं. डाव्या बाजूला ब्रेकचा जबडा बाहेर येतो आणि कॅरियरचा पाय नेमका त्याच्यावर टेकतो.

"ब्रेकच्याच बोल्टला अडकवलं तर?" मी विचारलं.

"न्हाई, सायेब. ब्रेकच्या बोल्टवर वझं टांगायचं न्हाई. ज्याचं काम त्यालाच करू द्या."

त्यानं नळीचा बोटभर तुकडा कापला, चौकट आणि कॅरियरचा पाय यांच्यामध्ये घातला आणि त्यातून लांब बोल्ट नेला. "लांब बोल्ट लबाड असतोय. गपचूप सुटतोय," म्हणत तो आवळला आणि रेघ मारली.

त्याच सुमारास कंपनीत नवा सुपरवायझर आला होता. आधी सगळ्या रेघा मारून घ्या, आवळणं मागून होईल, असा त्याचा हुकूम होता. तपासणीत रेघाच बघतात. "मी न्हाई म्हनलो," त्यानं मला सांगितलं. महिनाभरानं त्यानं तो विषय काढणं बंद केलं. मीही विचारलं नाही.

एका शुक्रवारी त्यानं माझा डावा बोल्ट बदलून दिला. दहा पावलांवर कॅरियर खडखडलं. उतरून पाहिलं, रेघ अखंड होती. मी माघारी फिरलो. त्यानं अंगठा टेकवला आणि बोल्ट गर्रकन फिरला.

"आवळलाच न्हाई मी," तो म्हणाला. "रेघ मात्र मारली."

मग त्याचा आवाज बदलला. "आज प्रेसच्या जाळीचे चार बोल्ट बदलले. आधी रेघा मारल्या, आणि तेवढ्यात सुपरवायझरनं हाक मारली."

"आवळले होते का?"

त्यानं खिशातून फोन काढून सुपरवायझरला लावला. ती जाळी कामगाराचा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली जाऊ देत नाही. दुसरी शिफ्ट सुरू होऊन दोन तास झाले होते.

सुपरवायझरनं फोन उचलला नाही. कामगारांचे फोन गेटवर जमा असतात. त्यानं समोरून येणारी रिक्षा अडवली. "चाकण. पळव." दुकान उघडंच राहिलं.

तो पोचला तेव्हा गेटमधून अँब्युलन्स बाहेर येत होती. जाळी निसटली होती. एका कामगाराचा हात मनगटापासून गेला.

चार ओळींची ती बातमी मीच केली. कंपनीचं म्हणणंही त्यात दिलं: बोल्टवर आवळल्याच्या खुणा होत्या, कामगारानं जाळी स्वतः काढली असावी.

दुसऱ्या दिवशी तो चौकशी अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. "रेघ माझी हाय. खोटी हाय. त्या मानसानं जाळीला हात लावलेला न्हाई," एवढंच त्यानं लिहून दिलं. कंपनीनं त्याचा गेटपास काढून घेतला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. "सायकल घिऊन या." त्यानं दुकान आवरून रिकामं केलं होतं. त्यानं थिनरचा बोळा घेऊन माझ्या सायकलवरच्या सगळ्या रेघा पुसल्या. मग एकेक बोल्ट पुन्हा आवळला.

"आता काय बघून टांग टाकायची, भाऊ?" मी विचारलं.

त्यानं माझा अंगठा धरला आणि डाव्या बोल्टवर दाबून ठेवला. बोल्ट हलला नाही.