पातेलंभर प्रयोग

दुसऱ्या दिवशी लेकीचा दहावीचा विज्ञानाचा पेपर होता आणि आम्ल-आम्लारी काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हणालो, "पुस्तक मिटव. आपलं स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा." दहावीला विज्ञानात मी काठावर पास झालो होतो, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

नागावला आमचा छोटा होमस्टे आहे. दुपारी पाहुण्यांना सोलकढी द्यायची म्हणून बायकोनं मोठ्या पातेल्यात आमसुलं भिजत घातली होती.

"बाबा, वाटीत थोडंसं घ्या," लेक म्हणाली.

"वाटीत काय दिसणार?" म्हणत मी खायच्या सोड्याचा डाव भरला आणि थेट पातेल्यात उपडा केला.

पाणी फसफसून ओट्यावर आलं. लाल रंग जाऊन मळकट हिरवा झाला. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "पाहुण्यांना काय आता शेवाळ वाढू?"

मी घाईनं घरातली होती तेवढी लिंबं पिळली. पुन्हा फेस आला, पण रंग गुलाबी झाला. मी ऐटीत चमचाभर चाखलं आणि तोंड फिरवलं.

"खारट लागतंय ना?" लेक पुस्तक उघडत म्हणाली. "आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी. रंग परत आला, तरी क्षार आतच राहणार. आत्ता कळलं मला."

पाहुण्यांना ताक वाढलं. माझ्या ताटाशेजारी बायकोनं गुलाबी पाण्याचा पेला काठोकाठ भरून ठेवला होता.