रविवारचे आकडे

मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीतून ती पहाटे निघायची आणि कत्तलखान्यातून बकऱ्यांचे डोळे बर्फाच्या डब्यात घेऊन बसने आमच्या प्रयोगशाळेत यायची. स्टोअरकीपर रोज विचारायचा, "मॅडम, आज लंच में क्या?"

"आपके लिए नहीं है, भाईसाब. ये घूरते हैं."

ती नागपूरची, कंत्राटावर लागलेली. मी तिचा वरिष्ठ. एखादं रसायन डोळ्याला किती इजा करतं, हे आम्ही जिवंत सशांच्या डोळ्यांत ते घालून ठरवत असू. खाण्यासाठी मारलेल्या बकऱ्यांच्या डोळ्यांवरही हे कळू शकतं, असं तिचं म्हणणं. तिचे निकाल माझ्या सशांच्या निकालांशी ताडून बघायचं ठरलं. सगळे जुळले तर तिची पद्धत पुढे जाणार होती आणि तिचं कंत्राटही.

एक सोडून सगळे जुळले. फरशी पुसायच्या द्रावणातलं एक रसायन तिच्या मते तीव्र होतं, माझ्या कागदावर सौम्य.

सशांचे डोळे ओळीने तीन दिवस बघून आकडे भरायचे असतात. मध्ये सुट्टी नको म्हणून आम्ही रसायन सोमवारी किंवा मंगळवारी घालायचो. हे मात्र मी गुरुवारी घातलं, म्हणजे तिसरा दिवस रविवार. रविवारी आर. के. पुरमला गणपतीतल्या नाटकाची तालीम होती आणि माझं काम मोठं होतं. शनिवारी डोळे नुसते लालसर दिसले, म्हणून रविवारचे आकडे मी तेव्हाच भरले, सहीसुद्धा केली. सोमवारी बघतो तर तिन्ही सशांच्या बुबुळांवर पांढरा पडदा आलेला. मी कागद बदलला नाही. नियमाप्रमाणे त्या दुपारी ससे मारले गेले.

"सर, रविवारी तुम्ही स्वतः आला होतात ना?" निकाल ताडायच्या बैठकीत तिने सगळ्यांसमोर विचारलं.

"नाही, माझं भूत आलं होतं," मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली.

तिची पद्धत बेभरवशाची ठरली आणि कंत्राट वाढलं नाही. रसायन सौम्य म्हणून नोंदलं गेलं. निवृत्त होईपर्यंत मी सशांच्या डोळ्यांत थेंब घालत राहिलो.

गेल्या महिन्यात तिचा नंबर मिळवला. ती आता गुरुग्रामला एका कंपनीत आहे. मी सगळं सांगितलं.

"मला वाटलं, माझाच हात चुकला," ती म्हणाली. "नंतर मी प्रयोगाला हातच लावला नाही, सर. आता फायली बघते."

मी माफीचं बोलू लागलो.

"मीटिंग आहे मला. ठेवते."

हे सगळं लिहून मी जुन्या कार्यालयाकडे पाठवलं आहे. अजून पोच आलेली नाही.