धोंडिबाला मुकादम करताना

जिनात काम केलेल्या माणसाच्या अंगाला कापूस चिकटतो, पण तो झटकला की जातो. किस्से जात न्हाईत. एक सांगायला घेतला की त्याच्या बोटाला धरून दुसरा येतो, अन् घरची माणसं म्हणत्यात, "झालं यांचं सुरू." म्हणू द्या. तुम्ही चहा सांगितलाय ना, मंग ऐका.

नव्या जालन्यात, स्टेशनाच्या अंगाला आमच्या शेठचं सरकी काढायचं जिन व्हतं. निजामाचा अंमल, तिकडं लढाई चालू, अन् हितं दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग. बायका यंत्रात कापूस घालायच्या, सरकी एकीकडं पडायची, रुई एकीकडं. मंग हमाल ती रुई उचलून प्रेसमध्ये न्यायचे अन् दाबून तिच्या मोठाल्या गासड्या बांधायचे. मी इंजिनाला तेल घालायचो. बसल्या जागेवरून सगळं जिन दिसायचं, म्हणून तर एवढं सांगता येतंय.

त्या साली शेठनं हैदराबादहून नवा मॅनेजर आणला, रघुनाथराव. चश्मा, काळा कोट, अन् एकच म्हणणं, "कामगार मिळत नसतो, घडवावा लागतो." आम्हाला वाटलं, प्रवासानं तब्येत बिघडली असंल.

* * *

पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना अंगणात बसवलं अन् एकेकाला विचारलं, "तुला पुढं काय व्हायचंय?"

आमच्या जिनात असला सवाल कुणी कुणाला केलाच नव्हता. इंजिन ड्रायव्हर म्हणला, "रिकामा." गिरजाबाई म्हणून एक म्हातारी यंत्रावर व्हती, ती म्हणली, "सासू."

"म्हणजे तुम्ही सासू नाही?"

"हाये की. पण सून मानत न्हाई. तेवढं शिकवा, साहेब."

मंग पाळी आली धोंडिबाची. हा जुन्या जालन्याचा हमाल, अंगानं दांडगा, पण आवाज असा की शेजाऱ्यालाच ऐकू यावा. तो मान खाली घालून म्हणला, "नवरा."

सगळं जिन हसलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. यंत्रावरच्या सखूला अन् त्याला एकमेकांची पसंती व्हती. आडवा आल्ता तिचा बाप लिंबाजी. घनसावंगीकडच्या एका गावाची शंभर-दीडशे माणसं दर हंगामाला आमच्याकडं यायची, त्यांचा हा म्होरक्या. तो म्हणायचा, "मी बी हमाल, जावई बी हमाल, मंग पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरायचं कधी? पोरगी मुकादमालाच दीन."

मुकादमाची जागा रिकामी व्हती. पण शेठच्या मेव्हण्याचा तिच्यावर डोळा. रेशमी कोट घालून तो जिनात रोज यायचा अन् खुर्ची कुठं टाकायची ते बघून जायचा.

रघुनाथरावांनी धोंडिबाच्या खांद्यावर हात ठेवला. "होळीच्या आत तुला मुकादम करतो."

* * *

पहिला धडा आवाजाचा. मुकादमाच्या आवाजात हुकूम पाहिजे, म्हणून मॅनेजरनं धोंडिबाला रुईच्या गोदामात कोंडलं. "आत कुणी नाही, लाजू नकोस. 'उठा, चला' म्हणत राहा. बाहेर मला ऐकू आलं की दार उघडतो."

आता छतापर्यंत रुई भरलेल्या गोदामात हत्ती जरी ओरडला तरी बाहेर काय ऐकू येणार? बिचारा दोन दिवस ओरडून राह्यला. तिसऱ्या दिवशी एकदाचं बाहेर ऐकू आलं, दार उघडलं, अन् मॅनेजर म्हणले, "आता अंगणात दाखव!"

दुपारची वेळ. माणसं भाकरी खाऊन लवंडलेली, बैल जू मानेवर घेऊन गाड्यांसकट बसलेले. धोंडिबानं छाती भरून घेतली अन् ओरडला, "उठा! चला!"

एकबी माणूस उठला न्हाई. बैल मात्र सगळे उठले, अन् भरल्या गाड्या घेऊन फाटकाबाहेर पडले. अर्धे मोंढ्याच्या बाजारातून वळवून आणले, बाकीचे बराबर आपापल्या गावी पोचले.

मॅनेजरनं चश्मा पुसला. "सुरुवात चांगली आहे. कुणीतरी ऐकलं."

* * *

दुसरा धडा कौतुकाचा. "शाबासकी दिली की माणूस फुलतो." म्हणून दर गुरुवारी, जुम्म्याच्या सुट्टीआधी, सगळ्यात चांगलं काम करणाऱ्याला झेंडूचा हार घालायचा असं ठरलं. निवड धोंडिबानं करायची, हार बी त्यानंच घालायचा.

पहिला हार भिवा हमालाला. भिवा हार घालून घरी गेला अन् घरात रडारड सुरू झाली. का? अहो, त्यानं आयुष्यात हार पाहिले व्हते ते तहसीलच्या साहेबलोकांच्या गळ्यात, बदली झाल्यावर! हार पडला म्हणजे माणूस निघाला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बायको सकाळी सगळी सोयरी घेऊन फाटकावर. "आमच्या माणसाला का काढलं? त्याचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही, तो सगळ्यात चांगला आहे," मॅनेजर म्हणले.

"मंग चांगल्यालाच काढता?"

पुढच्या आठवड्यात जिनात काय शांतता व्हती म्हणता! जो तो शेजाऱ्याकडं बघून हळू. कुणी चुकून जास्त रुई उचललीच तर लगेच थोडी खाली टाकायचा. गुरुवारी धोंडिबा हार घेऊन फिरला तर माणसं यंत्रामागं लपली. शेवटी तो हार त्यानं इंजिनाला घातला. इंजिनानं खरंच बरं काम केल्तं, ते मी सांगतो.

* * *

तरी रघुनाथराव थकले न्हाईत. तिसरा धडा जबाबदारीचा. अंगणात उभं राहून म्हणले, "उद्यापासून प्रत्येकानं स्वतःला या जिनाचा मालक समजायचं."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला अन् जिनात कुत्रं न्हाई. अकरा वाजता एकेक मालक यायला लागला. धुतलेली धोतरं, तोंडात पान. आले, गासड्यांना टेकून बसले, अन् "काम का बंद हाय?" म्हणून एकमेकांना झापायला लागले. तेवढ्यात खरे शेठ आले. गिरजाबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणली, "ही काय यायची वेळ झाली?"

शेठ चटकन् मागं सरकले. पन्नास वरसांत त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं.

एकटा धोंडिबा ओझी वाहत व्हता. मॅनेजरनं विचारलं, "तू मालक नाही झालास?"

"मला नवराच व्हायचंय, साहेब."

शेठ मात्र तापले. मॅनेजरला म्हणले, "तुझं शिक्षण बास. होळीच्या आदल्या दिवशी मी येतो. त्या दिवशी ह्या गड्यानं बाकीच्यांकडून काम काढून दाखवलं तर मुकादमी त्याची. न्हाई तर जागा मेव्हण्याला, अन् तू हैदराबादला." तोवर धोंडिबा मुकादम, पण कच्चा.

धोंडिबाची झोप उडाली. लिंबाजी सखूसाठी दुसरीकडं बघाय लागल्ता, हे त्याच्या कानावर आल्तं.

* * *

मॅनेजरनं डोकं चालवलं. लिंबाजीला बोलावून म्हणले, "आता तो मुकादम आहे. कुंकू लावून टाका, त्याला हुरूप येईल." लिंबाजीला कच्चा-पक्का फरक फारसा कळला न्हाई. त्यानं कुंकू लावलं, सोयरीक पक्की केली.

अन् हितंच घात झाला. धोंडिबा आता एकट्या लिंबाजीचा जावई न्हवता, तो अख्ख्या गावाचा जावई झाला, अन् ते गाव आमच्या जिनात! सकाळी तो आत आला तर यंत्रावरच्या बायका पदर ओढून पाठमोऱ्या झाल्या. हमालांनी ओझी खाली टाकून रामराम घातला. कुणी घोंगडं अंथरलं, कुणी गुळपाणी आणलं. यंत्रं रिकामी फिरून राह्यली.

धोंडिबा काकुळतीला आला. "मामा, काम करा की."

"जावईबापू, तुमच्यासमोर असं घामाघूम व्हायचं? बरं दिसंल का?" लिंबाजी म्हणला. "तुम्ही टेका आधी."

तो ज्या कोपऱ्यात जाईल तिथलं काम बंद. मॅनेजरनं त्याला पोत्यामागं लपवून पाहिलं, तर माणसं पोत्याला रामराम करायला लागली! धोंडिबा माझ्याजवळ इंजिनापाशी येऊन बसला अन् त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "ह्याच्यापरीस हमाल व्हतो तवा बरं व्हतं. पोरगी जवळ आली अन् हातची गेली." मला वाईट वाटलं. मी त्याला डोळे पुसायला इंजिनाची चिंधी दिली, तिनं त्याचं तोंड काळं झालं.

* * *

आता शेवटचा ऐका.

होळीच्या आदल्या दिवशी शेठ आले, बरोबर मेव्हणा. आत बघतात तर काम ठप्प, अन् मधोमध घोंगड्यावर मुकादम. मेव्हणा हसला, खुर्ची मागवली.

ते हसणं धोंडिबाला सहन झालं न्हाई. तो उठला, बाहेर गेला, अन् फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडाखाली जिनाकडं पाठ करून बसला. लिंबाजीनं पाणी नेलं, घेतलं न्हाई. गूळ नेला, घेतला न्हाई.

लिंबाजी पांढराफट पडून आत आला. "जावईबापू रुसले."

सगळं गाव हबकलं. लग्नाआधी जावई रुसून गेला तर गावाची अब्रू काय राहिली? चार जाणते हात जोडून त्याच्यापुढं गेले. "काय पाहिजे ते सांगा. अंगठी? सायकल?"

धोंडिबानं दोन्हीला मान हलवली. मंग त्या बारक्या आवाजात म्हणला, "गासड्या."

काय सांगू तुम्हाला! बायकांनी पदर खोचले, हमाल पळायला लागले, लिंबाजीनं वयाच्या साठीत पाठीवर ओझं घेतलं. माझ्या इंजिनाला धाप लागली. एक गासडी बाहेर पडली की चौघं धावत लिंबाखाली जायचे, "झाली बघा एक," म्हणायचे, धोंडिबा मान वळवायचा न्हाई, की हे पुन्हा आत.

शेठ कमरेवर हात ठेवून बघत व्हते. माणसं धावून राह्यलीत, अन् मुकादम पाठ करून गप बसलाय. संध्याकाळी ते मॅनेजरला म्हणले, "मुकादम हाच. पक्का."

लिंबाजीनं धोंडिबाला हाताला धरून उठवलं. सखू तिकडं यंत्राआड तोंडात पदर धरून हसून राह्यली व्हती.

मेव्हण्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो तरातरा गेला अन् लिंबाखाली, त्याच जागेवर, आमच्याकडं पाठ करून बसला. कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाई.

शेठ त्याच्याजवळ गेले. "ऊठ. तुझ्या घरचा जावई मी हाय. रुसायचा मान माझा." अन् धोतर सावरून शेठ स्वतःच तिथं पाठ करून बसले.

मेव्हणा ताडकन् उठला. दाजीची पाठ काही वळंना. मंग त्यानं रेशमी कोट काढून खुर्चीवर ठेवला, आत आला, अन् लिंबाजीला हळूच विचारलं, "गासडी कुठून धरायची?"