आफ्टर फूड

राव खोटं बोलत होते, याची मला खात्री होती. कशाबद्दल, तेवढंच कळत नव्हतं.

"गोळ्या घेता ना?"

"लिहिलंय तश्शा घेतो मॅडम."

रिपोर्ट वेगळंच सांगत होता.

अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलमध्ये मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर होते. म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटच्या मागे लागणारी बाई. राव तंजावरी मराठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले; जॉर्ज टाउनमध्ये कापडाच्या पेढीवर कारकून. किडनी थोरल्या बहिणीने, अक्कांनी, दिलेली.

सीएमव्ही नावाचा व्हायरस आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात झोपलेला असतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबली, म्हणजे इम्युनोसप्रेशन दिलं, की तो जागा होतो. रावांना त्यानेच ताप आला होता. सलाइनमधून औषध दिल्यावर ताप उतरला. पुढे गोळ्या, दिवसातून दोनदा. आता व्हायरस पुन्हा वाढत होता.

"औषधाला दाद देत नाही," डॉक्टर म्हणाले. "इम्युनोसप्रेशन आणखी कमी करू."

"किडनी रिजेक्ट झाली तर?"

"दुसरा उपाय सांगा."

मी उद्यापर्यंतची मुदत मागितली.

माझा संशय अक्कांवर होता. मी दिसले की त्या पिशवीतला डबा खुर्चीखाली सरकवायच्या. नक्की नाटु मरुंदु, म्हणजे गावठी औषध. असल्या चूर्णापायी किडनी गेलेली मी पाहिली होती.

"व्हायरसच्या गोळ्यांची नवी स्ट्रिप घेतली?" मी विचारलं.

"जुनीच उरलीय की," अक्का म्हणाल्या.

ती कधीच संपायला हवी होती.

"अक्का, डबा उघडा."

"का गं? डब्यावर टॅक्स लावलाय तुमच्या आस्पत्रीत?"

"उघडा."

आत रव्याचा उपमा होता. वर कढीपत्ता.

"हा लपवायचा कशाला?"

"इथं खाल्लं की वॉचमन ओरडतो. बाहेरचं खाल्लं की तू ओरडतेस. घरी पोचायला रात्र होते, त्याचं पलहारम आहे हे."

"राव रात्री जेवत नाहीत?"

"ताप उतरला तसा मी नवस बोलले ना! यानं एकच वेळ सापाडु घ्यायचं, दुपारी."

सापाडु म्हणजे भाताचं जेवण. इडली, उपमा, डोसा हे पलहारम, आपल्याकडच्या फराळासारखं. पोटभर खाल्लं तरी ते जेवणात धरत नाहीत.

"मग रात्रीची गोळी?"

रावांनी पाकिटावरचं फार्मसीचं स्टिकर माझ्यापुढे धरलं. बाकीच्या गोळ्यांवर घड्याळाची वेळ होती. यावर फक्त 'आफ्टर फूड'.

"दुपारची घेतो. रात्री फूडच नाही मॅडम. आफ्टर कुठलं?"

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि इम्युनोसप्रेशन होतं तसंच ठेवलं. अक्कांनी नवस मोडला नाही. मीही आग्रह केला नाही. उपम्यानंतर गोळी सुरू झाली. हळूहळू व्हायरस खाली आला, किडनी टिकली.

तेव्हापासून मी पेशंटला "गोळी जेवणानंतर घेता का?" असं विचारत नाही. काल रात्री काय खाल्लं, ते आधी विचारते.