मिस्त्रीच्या अंगणाचा उतार

पाऊस उघडला, झाडं पिवळी पानं रस्त्यावर सांडू लागली, की आमच्या गल्लीतल्या घरांना स्वतःची लाज वाटायला लागते. कुठे कुंपण वाकलेलं, कुठे फाटक एकाच बिजागरीवर लोंबकळतंय, कुठे पायरीची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. थंडी पडायच्या आत सगळं उरकायचं म्हणून लोक मिस्त्रीला गाठतात. मिस्त्री उकिडवा बसतो, जमिनीशी कानगोष्ट करावी तशी मान तिरकी करतो आणि म्हणतो, "तीन प्रकारे होतं."

यावरून त्याचं नावच 'तीनप्रकारे' पडलं.

पहिला प्रकार झाकपाक. पानं झाडायची, खड्ड्यात खडी टाकायची, कुंपणाला चुना फासायचा. पाहुणे येऊन जाईपर्यंत टिकतं. दुसरा चारचौघांसारखा. पायरी नवी, फाटकाला रंग, दारापर्यंत फरशीची वाट. तिसरा जन्मभराचा. अंगण उकरून खाली दगड ठोकायचा, वर फरशी, कडेनं नाली. "नातू म्हातारा होईल, फरशी होणार नाही," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. झाकपाकसाठी आलेला माणूस बोलता बोलता चारचौघांसारखं करून घ्यायचा आणि वर मिस्त्रीचे आभार मानायचा.

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. मिस्त्रीच्या दिव्याखाली डबकं होतं. पावसाचं पाणी त्यानंच कधीकाळी केलेल्या अंगणातून थेट घराच्या भिंतीशी येऊन बसायचं. कपाटातल्या कपड्यांना वर्षभर ओलीचा वास. फाटकापासून दारापर्यंत एक फळी टाकलेली, आणि तीवरून त्याची बायको दोन्ही हात पसरून डोंबाऱ्याच्या पोरीसारखी चालायची.

"अहो, आपलं अंगण कधी?"

"करू की. घरचंच आहे."

"घरचं आहे म्हणूनच राहिलंय. गिऱ्हाइकाचं असतं तर कधीच झालं असतं."

मग मिस्त्री दोन पाट्या खडी ओतायचा आणि पुढच्या पानगळीपर्यंत सुटायचा.

यंदा बायको धुण्याच्या बादलीसकट फळीवरून घसरली. समोरच्या शिंपिणीनं खिडकीतून सगळं पाहिलं. बायको उठली, चिखल झटकला आणि नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. तिथेच मिस्त्रीनं घाबरायला हवं होतं.

सुट्टीच्या दिवशी तो बनियनवर, ओट्यावर चहा पीत बसला होता. फाटक वाजलं. बायको एका माणसाला घेऊन आत आली. काखेत उतार बघायची लेव्हल, कमरेला सुतळी. कालव्याकडे नुकताच राहायला आलेला नवा गवंडी. मिस्त्रीची दोन कामं त्यानं पळवली होती, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"हे आमचे मालक," बायको म्हणाली. "जरा अंगण बघा. आधीच्या गवंड्यानं करून ठेवलंय, पण तो आता लक्ष देत नाही."

मिस्त्रीनं कप तोंडाआड धरला. आपण कोण हे सांगावं, तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी: तीनप्रकारेच्या घरात परका गवंडी! जन्मभर कमावलेलं नाव एका किटलीत बुडालं असतं. तो मालकासारखा गप्प बसला.

आता गवंडीकामात एक रीत आहे. नव्यानं आधी जुन्याच्या कामाला शिव्या घालायच्या, मगच हात लावायचा. नवा गुडघ्यावर बसला आणि कोणी गेल्यासारखा उसासला.

"वहिनी, हे काम करणाऱ्याला हात होते की खुरं?"

"हात आहेत असं म्हणायचा तो."

"आणि हा उतार! पाण्याला जावयासारखं घरात बोलावलंय. मालक, तुमचं लक्ष नव्हतं?"

"होतं," मिस्त्री पुटपुटला.

"असली माणसं चेहऱ्यावरूनच ओळखावीत."

बायकोनं नवऱ्याचा चेहरा निरखून पाहिला. "मी कुठं बघितला होता? आमच्या घरच्यांनी ठरवलं होतं."

मिस्त्रीचे कान विटेसारखे लाल झाले. तरी तो सोसत होता. पण नवा लेव्हल टेकवून म्हणाला, "बिचाऱ्याला उतार कशाला म्हणतात हे कोणी शिकवलंच नाही," आणि मिस्त्रीनं कप आपटला.

"शिकवलं होतं! तेव्हा रस्ता हातभर खाली होता! पाणी फाटकाबाहेर पळत जायचं. मागाहून रस्तेवाल्यांनी भर घालून रस्ता उचलला, त्याला मी काय करू?"

नवा सावकाश उभा राहिला.

"म्हणजे तीनप्रकारे मिस्त्री तुम्हीच?" त्यानं कानाला हात लावला, पण डोळे हसत होते. "चुकलो. पण रस्ता उचलून किती पावसाळे झाले, मिस्त्री? मधे गवंडी झोपला होता का?"

मिस्त्री ओट्यावर सांडलेला चहा पुसू लागला.

"मी कुठं बोलणार नाही," नवा म्हणाला. "समोरच्या खिडकीचं मात्र तुम्ही बघा."

खिडकीत शिंपीण सुई-दोरा हातात घेऊन उभी होती, आणि दोरा काही ओवत नव्हती. नाव वाचवायचं तर आता एकच वाट होती.

"अंगण मी करतो," मिस्त्री म्हणाला.

"कुठल्या प्रकारे?" बायकोनं विचारलं.

झाकपाक म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जन्मभराचं."

त्यानं गिऱ्हाइकं थांबवली आणि अंगण उकरलं. गल्ली कुंपणाला टेकून उभी. "मिस्त्री, मालकीण पैशाला बरी आहे ना?" तो मान वर करीत नव्हता. बायको पायरीवर बसून, जगातले सगळे मालक म्हणतात तेच म्हणायची, "ही जरा वाकडी वाटतेय हो." तो दातओठ खाऊन फरशी उचलायचा, पुन्हा बसवायचा.

काम संपलं तशी बायकोनं नव्या गवंड्याला बोलावणं धाडलं. गल्ली आपोआप जमली. तिनं दारातून भरली बादली ओतली. पाणी फरशीवर क्षणभर घुटमळलं, जणू जुन्या सवयीनं भिंतीकडे वळावं की काय. मग अंग चोरून कडेच्या नालीत उतरलं आणि परसातल्या पेरूच्या मुळाशी निघून गेलं. मिस्त्रीनं कोंडलेला श्वास सोडला.

नवा वाकला, लेव्हल फिरवली, सांध्यांतून नख ओढून पाहिलं. बराच वेळ काही सापडतंय का बघितलं. शेवटी गुडघे झटकत उठला.

"वहिनी, गवंडी चांगला गाठलात. कुठला आहे?"

मिस्त्रीची छाती बनियनमध्ये मावेना.

"आहे असाच ओळखीतला," बायको रिकामी बादली उचलत म्हणाली. "नवीन आहे अजून. पण शिकेल."